निळा धूर मारणारी वॅगनआर आणि अंबडचं बोरिंग शॉप

गाडी जुनी वॅगनआर, १०६१ सीसीचं चार सिलिंडरांचं एफ१०डी इंजिन. सकाळी सेल मारला की मागे निळा ढग, महामार्गावर चढ लागला की पुन्हा तोच धूर, आणि साधारण ७०० किलोमीटरला एक लिटर ऑइल. हे इंजिन गॅरेजमध्ये उतरवून नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये पूर्ण काम करून घेतलं. हे परीक्षण त्या कामाचं आहे. बोरिंग (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं) आणि होनिंग (त्याची भिंत दगडाने घासणं) उत्तम, मापं घेण्याची शिस्त त्याहून चांगली, धुलाई कच्ची आणि मापांचा लेखी कागद काहीच नाही. पाचपैकी चार. चांगल्याबरोबर एक मोठी चूकही लिहायची असल्यामुळे दुकानाचं नाव टाकलेलं नाही. पण अंबड-सातपूरला इंजिन नेणाऱ्याने कुठे बघायचं, काय विचारायचं आणि काय हातात मागून घ्यायचं, ते सगळं खाली आहे.

नाशिकमध्ये इंजिन काम तीन हातांत विभागलेलं असतं. गॅरेजवाला इंजिन उतरवतो आणि शेवटी बांधतो, ब्लॉक (सिलिंडरांचा ठोकळा), हेड (त्यावरचा व्हॉल्व्हचा भाग) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) मशीन शॉपला जातात, आणि पिस्टन, रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), शेल (क्रँकचे बेअरिंग), पॅकिंग (गॅस्केट) स्पेअरच्या दुकानातून येतात. काम बिघडलं तर गॅरेजवाला बोरिंगकडे बोट दाखवतो, बोरिंगवाला रिंगांकडे, आणि स्पेअरवाला फिटिंगकडे. गाडीवाल्याकडे मापं असतील तरच या भांडणात त्याला काही बोलता येतं. म्हणून निदानापासून सुरुवात करणं भाग आहे.

धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय, इतकं सगळ्यांना माहीत असतं. खरा प्रश्न ऑइल कोणत्या वाटेने आत येतंय हा आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर धूर कधी येतो यावरून मिळतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच अर्धा-एक मिनिट धूर आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबर. हेडमधलं ऑइल रात्रभर गाइडमधून, म्हणजे ती दांडी सरकते त्या नळीतून, थेंबथेंब खाली उतरलेलं असतं. कसारा घाट उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो गाइडमधून ऑइल ओढतो. खाली पोचून पाय दाबला की मागे ढग उठला, तरी संशय सील आणि गाइडवरच. उलट घाट चढताना, भरलेल्या गाडीत, सतत धूर येत असेल आणि इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या झाकणातून फसफस हवा बाहेर फेकली जात असेल, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं गोल भोक). मेकॅनिक यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. या गाडीत दोन्ही लक्षणं होती, आणि दोन्ही खरी निघाली.

पांढऱ्या धुराची गल्लत इथे हिवाळ्यात फार होते. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा सायलेन्सरमधून निघणारी वाफ दाट दिसते. ती दोन-तीन मिनिटांत विरते आणि तिला वास नसतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत गेलं, तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे जास्त पेट्रोल जळणं. त्याचा रिंगांशी संबंध नाही. आणि पीयूसी पास झाली म्हणून इंजिन ठीक, असंही समजू नये. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, निळ्या धुराचा दाटपणा मोजत नाहीत. उतरत्या रिंगांची गाडी आयडलिंगला सहज पास होऊ शकते.

इंजिन खोलण्याआधी बघायच्या स्वस्त गोष्टी दोन. एक, डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर तर नाही ना. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि फेस वर जातो. दोन, पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप. तो काढून हलवला की आत खुळखुळ वाजायला हवी. तो काजळीने अडकला की क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि इनटेकमध्ये ऑइल ढकलतो. हा भाग पूर्ण इंजिन कामाच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि तो न बघता इंजिन उतरवायला सांगणारं गॅरेज टाळलेलंच बरं.

आता मोजमाप. कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमधला दाब मोजणं, बहुतेक ठिकाणी होते, पण अर्धवट होते. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचा कनेक्टर सोडलेला, बॅटरी पूर्ण चार्ज आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. पाय न दाबता घेतलेला आकडा खोटा, कारण थ्रॉटल बंद असताना सिलिंडरला हवाच मिळत नाही. प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेळा, पाच-सहा फेरे, सेल मारायचा. या गाडीचे आकडे असे आले: पहिला १६५ पीएसआय (दाबाचं एकक), दुसरा १२०, तिसरा ११५, चौथा १६०. सुझुकीच्या अशा इंजिनांत सिलिंडरांमधला फरक साधारण १४ पीएसआयच्या आत असावा लागतो. इथे तो ५० होता.

दुसरा आणि तिसरा, म्हणजे शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी. गॅरेजमधला पहिला अंदाज हेड गॅस्केट दोन्हींच्या मधून गेलं असा होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही; शेजारचे दोन कमी आले की आधी तेच मनात येतं. म्हणूनच ओली चाचणी टाळता येत नाही. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक लहान चमचा, पाच-सात मिली इंजिन ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी काही क्षण बुजवतं. आकडा चढला तर गळती रिंगांतून, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इथे दुसरा १२० वरून १५५ ला आणि तिसरा ११५ वरून १५० ला गेला. हेड गॅस्केट निर्दोष सुटलं, रिंगा आणि बोअर पकडले गेले.

यावर लीकडाउन चाचणी हा शिक्का. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून प्लगच्या भोकातून सुमारे १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते दोन गेजच्या फरकावरून वाचायचं. गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा, नाहीतर हवेचा दाब क्रँक फिरवतो. टक्क्यांपेक्षा कान महत्त्वाचा: ऑइलच्या झाकणातून फस्स आवाज म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट किंवा चीर. दुसऱ्या सिलिंडरची गळती ३८ टक्के, आणि सगळी झाकणातून. हे गेज शहरातल्या फार थोड्या गॅरेजांत दिसतं. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

इथपर्यंत गॅरेजचं काम. पुढचा निर्णय मशीन शॉपमुळे झाला, आणि या दुकानाला चार तारे मिळाले ते मुख्यतः यासाठी.

गॅरेजचा पहिला प्रस्ताव ‘हाफ इंजिन’चा होता: हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे, जुन्याच पिस्टनवर स्टँडर्ड (मूळ मापाच्या) रिंगा चढवायच्या, १५ हजारांत काम. नाशिकमध्ये धूर मारणाऱ्या गाडीला सर्रास हेच सुचवलं जातं, आणि बोअर न मोजता केलं तर त्या १५ हजारांचं बहुतेक वेळा पाणी होतं. मशीन शॉपवाल्याने ब्लॉक टेबलावर ठेवल्याबरोबर बोअर गेज काढलं. नवा बोअर ६८.५० मिमी. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात, अशी सहा-सहा मापं घेतली. दुसऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या रिंगच्या परतीच्या जागी, काटकोनाच्या दिशेत, ६८.६३. खाली ६८.५२. म्हणजे टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक) ०.११ मिमी. सुझुकीच्या या घराण्यातल्या इंजिनांत टेपर आणि लंबगोलपणा ०.१० च्या आत हवा.

०.१३ मिमी म्हणजे काय ते रिंगच्या भाषेत बघायला हवं. बोअरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या ३.१४ पट रिंगचं तोंड उघडतं. ०.१३ गुणिले ३.१४ म्हणजे ०.४१ मिमी. नवी रिंग ०.२५ च्या गॅपने (तोंडाच्या फटीने) बसवली, तरी वरच्या टोकाला तिचा गॅप ०.६६ होणार, म्हणजे ०.७० च्या मर्यादेला पहिल्याच दिवशी टेकणार. शिवाय टेपर बोअरमध्ये रिंग प्रत्येक फेरीत वर उघडते आणि खाली मिटते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांत ही हालचाल तिची धार आणि पिस्टनमधला गाळा दोन्ही खाते. अशा इंजिनात स्टँडर्ड रिंगा टाकल्या की दोन-तीन महिने धूर थांबल्यासारखा वाटतो आणि मग परत येतो, आणि गाडीवाला रिंगच्या कंपनीला दोष देत बसतो. मशीन शॉपने हे गणित ब्लॉकवर खडूने लिहून दाखवलं आणि हाफ इंजिनला स्पष्ट नाही म्हटलं. काम कमी मिळालं तरी चालेल, पण चुकीचं करणार नाही, ही भूमिका मनापासून आवडली.

झीज वरच का होते, तेही कळलेलं बरं. पिस्टन टोकाला क्षणभर थांबतो, तिथे ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो आणि जळणाऱ्या वायूचा दाब रिंगला मागून भिंतीवर दाबतो. त्यात धूळ आली की कानसच. या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली होती आणि डब्याच्या आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, बारीक तांबूस माती होती. दिंडोरी-निफाडच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत फिल्टर बदलण्याइतकंच डब्याचं झाकण घट्ट बसणं महत्त्वाचं आहे. ती क्लिप बदलली नसती, तर नवा बोअरही त्याच वाटेने गेला असता.

मग साइझचा प्रश्न. बाजारात ०.५० ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठे) पिस्टन लगेच मिळतात, ०.२५ चे मागवावे लागतात, म्हणून बरीच दुकानं थेट ०.५० सांगतात. इथे सगळ्यात जास्त झीज ०.१३ होती. ६८.७५ चा बोअर केला तरी सगळ्यात झिजलेल्या ठिकाणी प्रत्येक बाजूला सरासरी ०.०६ मिमी धातू निघतो, एवढ्यात भिंत स्वच्छ होते. या दुकानाने ०.२५ चा आग्रह धरला, म्हणजे पुढच्या वेळेसाठी ०.५० शिल्लक राहतं. पिस्टन यायला तीन दिवस लागले. ‘पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर कापणार नाही’ हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि चांगलं दुकान ओळखायची खूण हीच. डब्यावर ०.२५ छापलेलं असलं तरी चार पिस्टनांमध्ये शतांश मिमीचा फरक असू शकतो. पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) गजन पिनच्या (पिस्टनमधल्या आडव्या पिनच्या) काटकोनात, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात ०.०२ ते ०.०४ मिमी क्लिअरन्स (मोकळी फट) मिळवायचा आणि त्या पिस्टनसाठी तो सिलिंडर करायचा. पिस्टनवर आणि ब्लॉकवर आकडे टाकलेले होते. चांगल्या स्थितीतले पहिला आणि चौथा हेही त्याच साइझला केले, कारण चारही पिस्टनांचं वजन आणि माप एकसारखं हवं.

बोरिंग बार शेवटच्या मापापर्यंत नेला नाही. सुमारे ०.०४ मिमी होनिंगसाठी ठेवले, कारण कटरच्या टोकाने भिंतीवर सूक्ष्म चिरडलेला थर राहतो आणि तो होनिंगनेच निघतो. होनिंग आधी जाड दगडाने, शेवट बारीक दगडाने. भिंतीवरच्या तिरप्या रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत कापत होत्या, वरपासून खालपर्यंत सारख्या. या रेघांमध्ये ऑइल टिकतं. रेघा फार आडव्या झाल्या तर ऑइल जास्त राहून जळतं, फार उभ्या झाल्या तर खाली वाहून जातं आणि रिंग कोरडी घासते. आरसा केलेला बोअर दिसायला सुंदर, पण त्यात रिंग कधीच बसत नाही. हे काम इतकं नीट झालं होतं की दुकानाच्या बाबतीत फार काही बोलायची गरजच उरली नव्हती.

मग धुलाई आली.

ब्लॉक डिझेलने धुऊन, हवा मारून, ‘तयार’ म्हणून परत आला. पांढरं सुती कापड इंजिन ऑइलमध्ये भिजवून बोअरमधून फिरवलं तर करडं काळं निघालं. ते होनिंगच्या दगडाचे कण. डिझेल आणि केरोसिन हे कण सैल करतात, पण धातूच्या रेघांमधून उचलत नाहीत. ते राहिले तर नव्या रिंगा पहिल्याच हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये स्वतःला घासून संपवतात आणि उरलेले कण ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातात. इतकं बारीक मोजून केलेलं काम धुलाईत वाया घालवायचं, हे समजण्यापलीकडचं आहे. उपाय साधा आहे: कडक गरम पाणी, कपड्याची साबण पावडर आणि नायलॉनचा ब्रश. वरून खाली, चारही बोअर, आणि लांब ब्रशने ऑइलच्या सगळ्या वाटा, त्यांचे प्लग काढून. मग स्वच्छ पाणी, हवा, आणि पाणी सुकताच ऑइलचा हात, कारण उघडा धातू दहा मिनिटांत गंज पकडतो. पांढरं कापड पांढरंच निघेपर्यंत हे करायचं. गॅरेजला तीनदा धुवावं लागलं. मशीन शॉपला सांगितल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि ‘पुढच्या वेळी आम्हीच करू’ म्हणाले. पण न सांगता ते होत नाही, म्हणून ब्लॉक ताब्यात घेताना पांढरं कापड बरोबर न्यावं.

हेडचं काम ठीक. पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेड ०.०७ मिमी वाकलेलं निघालं, मर्यादा ०.०५, म्हणून फेसिंग करून सपाट केलं. एक्झॉस्टच्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलत होता, क्लिअरन्स ०.११. आठही एक्झॉस्ट गाइड बदलली, सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) कापल्या. जुनी १६ व्हॉल्व्ह सील प्लास्टिकसारखी कडक झाली होती. नखाने दाबली तर तुटत होती. सकाळचा धूर त्यांचाच. गाइड ढिलं ठेवून नुसती सील बदलली तर डुलणारा व्हॉल्व्ह नवं सील काही महिन्यांत फाडतो. हेड बंद करण्याआधी उलटं करून चेंबरमध्ये केरोसिन भरून पाच मिनिटं ठेवलं, पोर्टमध्ये थेंबही उतरला नाही. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मर्यादेत होते, फक्त पॉलिश. प्लास्टिगेजवर (फट मोजायच्या प्लास्टिकच्या बारीक धाग्यावर) बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, क्लिअरन्स ०.०४ आला, स्टँडर्ड शेल टाकले. इथेही ग्राइंडिंगचे पैसे मिळवायचा मोह दुकानाने केला नाही.

रिंगा चढवताना गॅरेजमध्ये उभं राहणं शक्य असेल तर राहावं. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये टाकून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, फीलरने गॅप बघायचा. इथे वरच्या रिंगचा ०.२५ आला, हवा तो ०.२० ते ०.३५. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअरमध्ये अडकून भिंत ओरबाडते. रिंगवरची खूण वरच्या बाजूला हवी. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर पंप करते, आणि नव्या इंजिनाचा धूर जुन्यापेक्षा जास्त होतो. ऑइल रिंगच्या स्प्रिंगची दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. ‘नवं इंजिन बांधलं आणि पहिल्या दिवसापासून धूर’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा या तीन-चार गोष्टींपैकी एक असते.

हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. हेड पॅकिंगला सिलिकॉन लावायचं नाही. ऑइल चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला) लावायचं तर पातळ रेघ. जाड थर आत सुटतो आणि ऑइल ओढणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीत जाऊन बसतो.

खर्च जसा झाला तसा. मशीन शॉपचे एकूण ७,०००: बोरिंग-होनिंग २,४००, क्रँक पॉलिश ६००, हेड फेसिंग ८००, गाइड आणि सीट ३,२००. सामान १८,५००: पिस्टन-रिंग सेट ७,५००, शेल २,२००, पूर्ण पॅकिंग सेट सीलसकट २,८००, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर १,६००, ऑइल पंप १,९००, ऑइल-फिल्टर-कूलंट-प्लग २,५००. गॅरेजची मजुरी ९,०००. सगळे मिळून ३४,५००. हाफ इंजिनच्या दुपटीहून जास्त, हे खरं. पण ज्या मशीन शॉपच्या कामावर सगळं अवलंबून आहे, त्याचा वाटा एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाएवढाच आहे. तिथे पाचशे रुपये वाचवायला घासाघीस करणं चुकीचं. चार दिवस सांगितले होते, सात लागले. त्यातले तीन पिस्टनच्या वाटेकडे डोळे लावण्यात गेले.

भंगारातून दुसरं इंजिन आणून टाकायचा सल्लाही मिळतो. स्वस्त पडतं, पण त्याचा बोअर कोणी मोजलेला नसतो, आणि इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करून घ्यायला पेठ रोडच्या आरटीओत जावं लागतं. जाड ऑइल किंवा धूर बंद करणारं ॲडिटिव्ह याने काही आठवडे धूर दबतो, झीज तशीच चालू राहते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून बघावं. मधासारखं चिकट लागलं तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय सौदा करू नये.

बोलेरोसारखी टर्बो डिझेल असेल तर इंजिन उतरवण्याआधी टर्बोकडून येणारा हवेचा पाइप सोडून आत हात घालून बघावा. आत ऑइल ओघळत असेल तर टर्बोचं सील किंवा त्याची तुंबलेली ड्रेन नळी दोषी असू शकते आणि रिंगा ठणठणीत असू शकतात. अशी डिझेल गाडी तशीच चालवत राहू नये, कारण आत आलेल्या ऑइलवरच इंजिन बेफाम पळू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर. बॉशचा, म्हणजे जुन्या मायकोचा, नोझल-इंजेक्टर बनवणारा कारखाना सातपूरला आहे. इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून देणारी दुकानं शोधायला नाशिककराला लांब जावं लागत नाही.

नव्या इंजिनाचा पहिला धूर बघून घाबरू नये. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. या गाडीला वीस लागली. ऑइल मिनरल १५डब्ल्यू-४० घातलं. फुल सिंथेटिक पहिल्या भरणीला नको, कारण रिंगा बसायला थोडं घर्षण लागतं. उभ्या गाडीत तासभर आयडलिंग करून ‘रनिंग’ करायची पद्धत चुकीची आहे. रिंगला भिंतीवर दाबायला सिलिंडरमध्ये दाब हवा, आणि तो भार असल्याशिवाय तयार होत नाही. नाशिक-त्र्यंबक रस्ता यासाठी उत्तम, एका बाजूला सुमारे २८ किलोमीटर: मध्यम भार, वेग कमी-जास्त, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थोडा जोर देऊन मग पाय सोडायचा. पहिले ५०० किलोमीटर मुंबई महामार्गावर एकाच वेगाने लांब धावणं नको, आणि भरलेल्या गाडीने कसारा चढणं तर नकोच. ५०० ला ऑइल-फिल्टर बदलले, निघालेल्या ऑइलमध्ये धातूच्या कणांची बारीक चमक होती, तेवढी अपेक्षित. १,००० ला पुन्हा बदलले, चमक नव्हती.

त्यानंतर पुन्हा गेज लावलं: १८५, १८०, १८०, १८५. डिपस्टिकवर १,००० किलोमीटरमध्ये जेमतेम दोन-तीन मिमी उतार. सकाळी धूर नाही, घाटात नाही.

मशीन शॉपकडून एक गोष्ट अजून मिळालेली नाही. चारही बोअरची आणि पिस्टनची अंतिम मापं ब्लॉकवर खडूने लिहिली होती, ती धुलाईत गेली. बिलावर फक्त ‘बोरिंग ४ नग’. ब्लॉक ताब्यात घ्यायच्या आधी मोबाइलवर त्या खडूच्या आकड्यांचा फोटो काढावा, आणि बिलाच्या मागच्या बाजूला आकडे लिहून त्यावर दुकानाचा शिक्का मागावा. मागितल्यावर ते देतात.